सप्टेंबरचं सफरचंद आणि मे महिन्यातले पाहुणे

गणपती बसले त्याच दिवशी, 27 ऑगस्ट 2025 ला, अमेरिकेने भारतीय मालावरचं शुल्क 50 टक्क्यांवर नेलं आणि आमच्या इंदूरच्या घरच्या ग्रुपवर आरतीच्या फोटोंच्या मधोमध सफरचंदावरून वाजलं. काकांनी जाहीर केलं की वॉशिंग्टनचं स्टिकर लावलेलं सफरचंद यापुढे रामबागेतल्या घरात येणार नाही. इथवर ठीक होतं. पण काका तिथे थांबले नाहीत. पुढे त्यांनी लिहिलं, ‘ती सफरचंदं वर्ष वर्ष गोदामात पडलेली असतात, वरून मेण चोपडतात. आपलं काश्मिरी ताजं. तिकडे राहणाऱ्यांची तर कीव येते, जन्मभर शिळं खातात.’ खाली भराभर अंगठे उमटले. त्यांत दादाचाही होता.

नवरात्र झालं, दिवाळी झाली, तरी ते वाक्य माझ्या मनातून जात नाही. लेकी-सुनांनी परदेशात काय गमावलं याची यादी इंदूरच्या माणसांकडे नेहमीच तयार असते आणि ती मी बरीच वर्षं निमूट ऐकत आले आहे. सणवार गमावले, मान्य. आई-बाबांची आजारपणं लांबून पाहिली, मान्य. पण माझ्या घरातल्या टोपलीत ठेवलेलं फळ शिळं आहे, हे इंदुरात बसून कुणी ठरवू नये.

स्वदेशीला माझा विरोध नाही. कुणाचा माल घ्यायचा आणि कुणाचा नाही हा गिऱ्हाइकाचा हक्क आहे. 2025 च्या मे महिन्यात पुण्याच्या व्यापाऱ्यांनी तुर्कस्तानच्या सफरचंदांवर बहिष्कार घातला तेव्हा माझ्या पुणेकर नवऱ्याइतकंच मलाही बरं वाटलं होतं. रागावून एखाद्या देशाचं फळ घेऊ नये, जरूर घेऊ नये. पण राग राजकारणाचा आणि निकाल चवीचा, हे कसं चालेल? शुल्काचंच म्हणाल तर अमेरिकन सफरचंदावर भारताचं 50 टक्के शुल्क तेव्हा आधीपासून होतंच. 2019 ते 2023 या काळात ते 70 टक्के होतं. तेव्हा ग्रुपवर कुणाला त्याची चव आठवली नव्हती.

मी न्यूयॉर्क राज्यात, रॉचेस्टरला राहते. रूट 104 धरून पूर्वेकडे निघालं की ऑन्टॅरिओ सरोवराच्या काठाने मैलोन्‌मैल सफरचंदाच्या बागा लागतात. ही वेन काउंटी. वसंतात सरोवराचं पाणी गार राहतं, म्हणून झाडं घाई करत नाहीत, फुलोरा उशिरा येतो आणि शेवटच्या कडाक्यातून बहुतेक वर्षी वाचतो. शरदात तेच पाणी ऊब धरून ठेवतं आणि फळाला पिकायला वेळ मिळतो. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्याच्या खालोखाल सफरचंद बहुतेक वर्षी पिकतं ते आमच्याकडे. आणि आम्ही शिळं खातो.

काका-काकू आमच्याकडे आले ते मे महिन्यात. इंदूरहून सगळे तेव्हाच येतात. तिकडे ऊन मी म्हणत असतं, नातवंडांना सुट्ट्या असतात, आणि इथला बर्फ वितळलेला असतो. आईबाबाही मेमध्येच आले, दादा-वहिनीही. मेमध्ये इथली झाडं फुललेली असतात आणि जूनमध्ये फळ जेमतेम सुपारीएवढं होतं. काकांना मी वेगमन्समधून आणलेलं जे सफरचंद कापून दिलं, ते आदल्या ऑक्टोबरचं होतं. मी तसं सांगितलंही होतं. काकांनी एक फोड खाल्ली, दुसरी बशीत तशीच ठेवली आणि म्हणाले, ‘दिसायला राजा, चवीला भुसा.’ त्या फोडीबद्दलचं त्यांचं मत अगदी बरोबर होतं. त्या एका फोडीवरून अख्ख्या देशाबद्दल जे मत त्यांनी घरी नेलं, ते बरोबर नव्हतं. कुणी जानेवारीत इंदुरात उतरावं, मिळेल तो आंबा खावा आणि हिंदुस्थानातल्या आंब्याला चव नसते असं सांगत फिरावं, तर काका त्याला दारात तरी उभं करतील का?

तेव्हा सप्टेंबरबद्दल सांगते.

ऑगस्ट संपत येतो तेव्हा पॉला रेड जातीचं सफरचंद येतं, आंबटसर आणि चार दिवसांत मऊ पडणारं. त्याच्यासाठी आम्ही मुद्दाम जात नाही, रस्त्यावरच्या स्टँडवरून आणतो. शाळा सुरू होऊन दोनेक आठवडे झाले की मॅकिंटॉश. मग हनीक्रिस्प, ज्याच्यासाठी माझा मुलगा जीव टाकतो आणि जे सगळ्यांत महाग असतं. कॉर्टलँड, मॅकून, एम्पायर, जोनागोल्ड हे त्यामागून, आणि ऑक्टोबर सरता सरता नॉर्दर्न स्पाय. यांतली चार तर तासाभरावरच्या जिनीव्हा गावात, तिथल्या शेती संशोधन केंद्रात तयार झाली: कॉर्टलँड 1915 चं, त्यामागून मॅकून, मग एम्पायर 1966 चं, जोनागोल्ड 1968 चं. नॉर्दर्न स्पायचं पहिलं झाड रॉचेस्टरच्या दक्षिणेला ईस्ट ब्लूमफील्डमध्ये दोनशेहून अधिक वर्षांपूर्वी उगवलं. मुलांना हा क्रम पाठ आहे. कुणी शिकवला नाही. मला पावसाळ्यात भुट्टे, मग सीताफळं, मग शिंगाडे, मग जाम, म्हणजे पेरू, आणि गराडूचे कंद हा क्रम कुणी शिकवला होता?

आम्ही जातो त्या बागेत एक वयस्क बाई गल्ल्यावर बसतात. बाग त्यांच्या सासऱ्यांची. मुलगी पहिल्यांदा फळाला लोंबकळून ओढायला लागली तेव्हा त्या उठून आल्या. फळ तळहातावर घ्यायचं, ओढायचं नाही, वरच्या बाजूला उलटायचं आणि थोडं पिळायचं. तयार असेल तर देठासकट हातात येतं. नसेल तर सोडून द्यायचं. देठाला लागूनच जो आखूड, गाठाळ कोंब असतो, पुढच्या वर्षीचं फूल त्यातून येतं. फळ ओरबाडताना तो तुटला की पुढच्या वर्षीचं फळ गेलं. मुलगी तेव्हा लहान होती. आता ती मैत्रिणींना घेऊन जाते आणि कुणी फांदी खेचली की जाऊन तिचा हात धरते.

त्याच बाईंनी एकदा आम्हाला एक मॅकिंटॉश आडवं कापून त्यावर आयोडिनचं पाणी शिंपडून दाखवलं होतं. मधला भाग पांढरा राहिला आणि सालीकडचा निळा-काळा झाला. निळं ते पीठ, पांढरं ती साखर. फळ आतून बाहेर गोड होत जातं आणि किती निळं उरलं आहे ते पाहून तोडणीचा दिवस ठरतो. लांबच्या बाजाराला पाठवायचं किंवा पुढच्या उन्हाळ्यापर्यंत ठेवायचं फळ बरंच निळं असतानाच उतरवतात. आपण झाडाखाली उभं राहून खातो त्यात निळं जवळजवळ उरलेलं नसतं. हा फरक जिभेला कळायला आयोडिन लागत नाही. दाताखाली साल टच्‌कन फुटते, रस हनुवटीवर येतो, आणि आंबट की गोड हे ठरायच्या आत दुसरा घास घेतलेला असतो. मॅकिंटॉशचा तो कडकपणा घरी आणल्यावर फार टिकत नाही, म्हणून आम्ही ते आणतो कमी आणि तिथे खातो जास्त. घरी येताना गाडीत अर्ध्या बुशेलची पिशवी, सायडरचा गॅलन, आणि साखरेने बरबटलेल्या डोनटची पिशवी मुलाच्या मांडीवर.

घरी मग आठवडाभर तेच चालतं. कॉर्टलँड कापल्यावर लवकर काळं पडत नाही, त्यामुळे त्याची दह्यातली कोशिंबीर होते. मोहरीची फोडणी, हिरवी मिरची, वरून कोथिंबीर. नवरात्रात उपासाला साबुदाण्याच्या खिचडीबरोबर एम्पायर. नॉर्दर्न स्पायचा साखरांबा मी कैरीच्या साखरांब्यासारखाच करते, वेलदोडा आणि केशर घालून. ते फळ शिजून लगदा होत नाही, फोड फोडीसारखी राहते. आणि सगळ्या फोडींवर जिरावण, पोह्यांवर भुरभुरायचा इंदुरी मसाला. दर वेळी इंदूरहून येताना आणलेली पाकिटं ऑक्टोबरपर्यंत पुरवावी लागतात, कारण मुलगा पोह्यांवर कमी आणि सफरचंदावर जास्त घालतो. त्याच्या वर्गातल्या दोघांना आता ती सवय लागली आहे.

हे मी फुशारकी म्हणून सांगत नाही. फुशारकी वाटली तर वाटो. कीव करण्यासारखं यात काय आहे, ते कुणी दाखवून द्यावं.

आता इंदूरच्या सफरचंदाबद्दल. आम्ही लहान असताना घरात सफरचंद आलं की कुणीतरी आजारी असायचं. एम. वाय. हॉस्पिटलबाहेरच्या ठेल्यांवर ती रचून ठेवलेली असत. भेटायला जाणारा अर्धा किलो घेऊन जाई, आणि पेशंटच्या उशाशी ती तशीच सुरकुतत. घरी आणलं तर आई एका फळाच्या आठ फोडी करून आठ जणांना वाटायची. आमचं रोजचं फळ जाम. उरलेल्या मराठी मुलखात त्याला पेरू म्हणतात हे मला लग्नानंतर सवयीचं झालं. शेजारच्या वाड्यात जामाचं झाड होतं, भिंतीवर चढून खायचं. सफरचंदाचं झाड कसं असतं हे इंदुरात आमच्यापैकी कुणीही पाहिलेलं नव्हतं. दसरा-दिवाळीच्या सुमारास बाबा कधीतरी चोइथराम मंडीतून काश्मीरची अख्खी पेटी आणत. लाकडी पेटी, आत गवत, आणि झाकण उचकटल्यावर जो वास घरभर पसरे तो मला आजही ओळखता येईल. ती सफरचंदं खरोखर ताजी होती. महिना बरोबर होता. काश्मीरची तोडणी ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत, आणि दिवाळीपर्यंत फळ मैदानात उतरतं.

पण आता दादाकडे सफरचंद बारा महिने असतं. वहिनी मुलांच्या डब्यात रोज एक देते. काका सकाळी पोह्यांच्या आधी एक खातात, डॉक्टरांनी सांगितलं म्हणून. मग एप्रिलमधलं काश्मिरी सफरचंद कुठून येतं, काका? झाडावर तर तेव्हा फुलं असतात. ते येतं पुलवाम्याच्या लासीपोऱ्यातल्या कोल्ड स्टोअरमधून, जिथे शून्याच्या आसपासच्या तापमानात, हवेतला प्राणवायू दोन-तीन टक्क्यांवर आणून फळाला झोपवून ठेवतात. वॉशिंग्टनमध्ये तेच करतात, आमच्या न्यूयॉर्कमध्येही. पद्धत तीच, यंत्रंही बहुतेक तशीच. ज्याला तुम्ही गोदाम म्हणता ते दोन्हीकडे आहे. मेणाचंही तेच. सफरचंदाच्या सालीवर त्याचं स्वतःचं मेण असतं. धुताना ते जातं, म्हणून खाण्यायोग्य मेणाचा पातळ हात फिरवतात. कार्नौबा, लाख, मधमाश्यांचं मेण, हे सगळं भारतातही कायद्याने चालतं. तेव्हा ‘आपलं ताजं आणि तुमचं शिळं’ हे नोव्हेंबरात खरं असेल, मेमध्ये नाही. ठेलेवाल्या भैयाला आपण विचारतो, ‘कश्मीर का है?’ तो म्हणतो, ‘कश्मीर का ही है साहब, शक्कर है शक्कर.’ कधी तोडलं, हे कुणीच विचारत नाही.

आणि ‘आपलं’ हा जो शब्द काकांनी वापरला, त्याबद्दलही बोलायलाच हवं. हिमाचलातलं जे लाल डेलिशस सफरचंद आपण देशी म्हणून खातो, त्याचं मूळ झाड अमेरिकेत, आयोवातल्या एका शेतकऱ्याच्या मळ्यात उगवलं. 1890 च्या दशकात मिसूरीतल्या एका नर्सरीने त्याचे हक्क घेतले. फिलाडेल्फियाचा सॅम्युएल स्टोक्स 1904 मध्ये कुष्ठरोग्यांची सेवा करायला भारतात आला, कोटगडला राहिला, तिथल्याच मुलीशी लग्न केलं आणि 1916 च्या सुमारास ती कलमं मागवून हिमाचलच्या उतारावर लावली. असहकाराच्या चळवळीत तो तुरुंगात गेला, पुढे हिंदू होऊन सत्यानंद झाला. ज्या फळावर ‘अमेरिकन’ म्हणून काट मारायची, त्याच फळाने हिमाचलातली गावंच्या गावं उभी केली. काश्मीरचं खरं स्वतःचं सफरचंद अंबरी. घमघमाट सुटतो त्याला, आणि कुठल्याही यंत्राशिवाय ते महिनोन्‌महिने टिकतं. स्वदेशी हवं तर अंबरी मागा. त्याच्या बागा कमी होत चालल्या आहेत, कारण डेलिशस जास्त लाल दिसतं आणि बाजाराला लाल हवं असतं. काकांच्या घरात अंबरी कधी आलं आहे का?

मला याहून जास्त राग कशाचा आला ते सांगते. ग्रुपवर स्टिकरांचे फोटो फिरत होते त्याच दिवसांत जम्मू-श्रीनगर महामार्ग दरडींनी बंद पडला होता. ऐन हंगामात सफरचंदांनी भरलेले ट्रक काझीगुंडला दिवसच्या दिवस उभे होते. पेट्यांमधून पाणी गळत होतं, बागाइतदार माल रस्त्याकडेला ओतत होते. सप्टेंबरच्या मध्याला बडगामहून दिल्लीला सफरचंदांची पार्सल गाडी सोडली तेव्हा थोडा निचरा झाला. आमच्या ग्रुपवर यातलं एक अक्षर नव्हतं. ‘आपल्या’ सफरचंदाबद्दल एवढा अभिमान, आणि ते पिकवणाऱ्या माणसाचं वर्षाचं पीक रस्त्यावर सडलं तर कुणाला पत्ता नाही.

इथे तसं नसतं, निदान आमच्या भागात तरी. 2023 च्या मेमध्ये ऐन फुलोऱ्यात एका रात्री कडाका पडला तेव्हा न्यूयॉर्कभर बागा करपल्या. दुसऱ्या दिवशी माझ्या ऑफिसमध्ये तोच विषय होता, शाळेच्या दारात तोच. त्या शरदात आमच्या बाई गल्ल्यावरून सगळ्यांना सांगत होत्या की यंदा फळांवर डाग आहेत, आतून उत्तम आहेत, आणि माणसं डागवाली सफरचंदं पिशव्या भरभरून नेत होती. दादा डागवालं एकही फळ घेत नाही. ठेल्यावरचं प्रत्येक सफरचंद तीनदा फिरवून बघतो.

हे सगळं मी दादाला फोनवर ऐकवलं. तो शांत माणूस आहे. म्हणाला, ‘तुझं बरोबर असेल. पण तू तिथे तिकीट काढून बागेत जातेस ना? मग तू गिऱ्हाईकच की. आपल्या शेजारच्या जामाच्या झाडाला कुणी तिकीट लावलं होतं?’

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि अजून नाही. बागेच्या मागच्या भागात, जिथे आम्हाला सोडत नाहीत, तिथे जमैकाहून आलेले कामगार शिड्या लावून फळ उतरवत असतात. छातीवर कॅनव्हासची मोठी पिशवी, दोन्ही हात चालू, गाणंही चालू. एच-टू-ए व्हिसावर हंगामापुरते येतात आणि नोव्हेंबरात परत जातात. त्यांतल्या एकाला मी दर वर्षी बघते. ओळखीचं हसतो. त्या मळ्यातलं प्रत्येक झाड त्याला माहीत आहे, माझ्यापेक्षा शंभरपट जास्त. त्याचं घर मात्र किंग्स्टनजवळ आहे आणि त्याला त्याबद्दल काही शंका नाही. मी इथे घर घेतलं आहे, टॅक्स भरते, मुलांच्या शाळेत स्वयंसेवक म्हणून जाते, आणि इंदूरहून एक मेसेज आला की माझ्या टोपलीतल्या फळाची बाजू घेऊन भांडायला उठते. ज्याला आपल्या घराबद्दल खात्री असते तो असं भांडत नाही, हे मला कळतं.

पण मुलांना ती खात्री आहे. मुलगी ऑगस्टच्या शेवटी हवेला जो एक गार वास येतो तो घेऊन म्हणते, आता मॅक येतील. मला असा वास सीताफळांच्या आधी येत असे, पाऊस ओसरल्यावर, मांडूकडून टोपल्या यायच्या त्या सुमारास. तिच्यासाठी शरद म्हणजे ही बाग आहे, आणि ती तिकीट काढून आत गेली की विकत घेऊन, हा प्रश्न तिला पडत नाही. तिला इंदूरही आवडतं. तिचं इंदूर म्हणजे गराडू, सराफ्यातल्या खाऊगल्लीची रात्र, सकाळची थंडी आणि आजीच्या गच्चीवरचं ऊन. कारण आम्ही जातो ते डिसेंबरात. शाळेला सुट्टी तेव्हा असते. गणपती तिने फक्त व्हिडिओ कॉलवर पाहिले. अनंत चतुर्दशीच्या रात्री गिरण्यांच्या झाँक्या, म्हणजे चित्ररथ, निघतात, अख्खं इंदूर रात्रभर रस्त्यावर असतं, हुकुमचंद मिल बंद पडून तीस वर्षांवर झाली तरी तिची झाँकी निघते, हे मी तिला सांगितलं तेव्हा तिने विचारलं, ‘मग आपण का नाही जात?’

काका मेमध्ये येऊन आमच्या सफरचंदाला नावं ठेवतात आणि मी डिसेंबरात जाऊन इंदूर ओळखते असं म्हणते. बरीच वर्षं झाली, मी सीताफळ झाडावर पिकलेलं खाल्लेलं नाही. भुट्ट्याचा किस खाल्ला तो लग्नातल्या कॅटररने केलेला. दसऱ्याला पेटी उघडल्यावरचा वास आठवणीतलाच. ज्या महिन्यांत ते शहर खरं माझं होतं, त्याच महिन्यांत मी रूट 104 वर असते. ग्रुपवर कुणी म्हटलं की तुला आता इथलं काय माहीत, तर मी चिडते, आणि चिडून झाल्यावर मोजायला बसले तर मला माहीत असलेलं इंदूर फक्त थंडीचं निघतं.

म्हणून या खेपेला डिसेंबरची तिकिटं काढली नाहीत. 2026 मध्ये गणपती 14 सप्टेंबरला आहेत आणि अनंत चतुर्दशी 25 ला. मुलांच्या शाळेला आताच पत्र दिलं आहे, मॅनेजरशीही बोलले आहे. नवरा कुरकुरला, कारण पुणं त्याच सुट्टीत बसवायचं आहे. मुलगा जिरावण ताजं दळून मिळेल या आनंदात आहे. मुलीने मात्र कॅलेंडर पाहिलं आणि तिच्या लगेच लक्षात आलं. ‘म्हणजे मॅकिंटॉश हुकणार,’ ती म्हणाली. हो, हुकणार. परत येईपर्यंत मॅकिंटॉशच्या ओळी रिकाम्या झालेल्या असतील. कॉर्टलँड मिळेल, नॉर्दर्न स्पाय तर नक्कीच मिळेल. ती दोन दिवस माझ्याशी नीट बोलली नाही, आणि मी तिची समजूत काढायला गेले नाही.